आजी सांभाळते, पण सही कोणाची?

गेल्या जूनमध्ये शेजारच्या गल्लीतल्या एक आजी भर उन्हात माझ्याकडे आल्या. काखेत कापडी पिशवी. पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली मुलाची आणि सुनेची मृत्यू प्रमाणपत्रं, नातवाचं बोनाफाइड, लॅमिनेशन केलेलं आधार कार्ड आणि मुलाचं जुनं पासबुक. नातवाच्या नावाने खातं काढायला त्या बँकेत गेल्या होत्या. काउंटरवर विचारलं, "मुलाचे पालक कुठे आहेत?" त्या म्हणाल्या, "मीच की." पुढचा प्रश्न आला, "तसा कोर्टाचा कागद आहे का?"

"पाच वर्षं झाली बाई," त्या मला सांगत होत्या, "तापानं फणफणायचं पोरगं, रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायची मी. तवा नाही कुणी कागद मागितला."

माझ्याकडेच का आल्या, तर मीही याच रस्त्याने गेले आहे. माझी बहीण वारली तेव्हा तिची मुलगी पहिलीत होती. मेहुणे त्याआधीच गेले होते. मुलगी आमच्या घरी आली, माझ्या मुलांच्या पंगतीत जेवायला बसू लागली आणि सगळ्या नातेवाइकांना वाटलं, चला, मार्गी लागलं. कागदांचं काम खरं तर तिथून सुरू झालं. चकरा मारून, चुकून, पुन्हा अर्ज करून जे समजलं ते इथे सांगते आहे. नातवंड, भाचा, पुतणी सांभाळणाऱ्या कुणाला तरी यातली एक चकर वाचली तरी मला खूप आहे.

सांभाळणारे आणि पालक

मूल नातेवाइकांकडे वाढणं आपल्याकडे नवीन नाही. आजोळी राहून शिकलेली माणसं प्रत्येक घरात सापडतात. बीड जिल्ह्यात तर दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला आई-बाप ऊसतोडीला गेले की गावात आजी-आजोबा आणि नातवंडंच उरतात. सहा-सहा महिने घर तेच चालवतात. त्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय असते, म्हणजे मूल राहतं आजीकडेच आणि जेवणाची व्यवस्था शाळा पाहते. पण त्यांचे आई-बाप परत येतात. ज्यांचे येत नाहीत, त्यांच्याबद्दल हा लेख आहे.

कायद्याच्या नजरेत मूल सांभाळणं ही एक गोष्ट आणि मुलाचं पालक असणं ही दुसरी. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे. (कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल.) हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तो लागू होतो. त्यात नैसर्गिक पालक दोनच: वडील आणि आई. गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आईची जागा आणखी पक्की केली. पण आजी, मामा, काका, आत्या, मावशी यांची नावं त्या यादीत नाहीत. मूल जन्मापासून तुमच्या मांडीवर वाढलं असेल, तरी आपोआप नाहीत. कायदा तुम्हाला 'प्रत्यक्ष सांभाळणारे' एवढंच मानतो.

ज्यांना कायदेशीर पालक व्हायचं आहे त्यांच्यासाठी पालक व पाल्य कायदा, १८९०. हा सर्व धर्मांच्या लोकांना वापरता येतो. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. मोठ्या शहरात कौटुंबिक न्यायालय असेल तर मुलाच्या ताब्याचं आणि देखभालीचं पालकत्व तिथे मागतात. न्यायाधीश मुलाचं हित पाहतात. अर्जदाराचं मुलाशी नातं काय, वय किती, वागणूक कशी, गेलेल्या आई-वडिलांची काही इच्छा होती का, हे विचारलं जातं. मूल कळत्या वयाचं असेल तर त्यालाही विचारतात. माझ्या भाचीला न्यायाधीशबाईंनी जवळ बोलावून विचारलं होतं, "घरी भांडणं झाली की तू कोणाकडे जातेस?" तिने आमच्या थोरल्याचं नाव सांगितलं.

वकिलाच्या फीची धास्ती असते, म्हणून हे नीट वाचा. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. आजी अर्जदार असेल तर ती स्त्री म्हणून पात्र आहे. आजोबा किंवा मामा जाणार असतील तर अर्ज मुलासाठी आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

प्रत्येक कामाला कोर्ट लागत नाही

काउंटरवर कुणी "कोर्टाचा कागद" म्हटलं की माणूस हबकतो आणि घरी परततो. पण रोजच्या बहुतेक कामांना तो कागद लागतच नाही.

शाळेचं घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात 'पालक' या शब्दाची व्याख्या दिली आहे आणि ती सरळ आहे: ज्याच्याकडे मुलाची देखभाल आणि ताबा आहे ती व्यक्ती. न्यायालयाने नेमलेला पालक त्यात येतो, तसा प्रत्यक्ष सांभाळणाराही येतो. म्हणजे आजीची सही चालते. जन्माचा दाखला हाताशी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना आवाज चढवू नका, व्याख्या दाखवा. शिक्षक बहुतेक वेळा मदतच करतात. अडचण होते ती अर्जाच्या छापील रकान्यांची. 'वडिलांचे नाव', 'आईचे नाव' यापुढे 'सांभाळणाऱ्याचे नाव आणि नाते' असा तिसरा रकाना फार थोड्या अर्जांवर दिसतो.

बँकेचं त्याहून सोपं निघालं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने बचत खातं उघडू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. २०२५ च्या सूचनांमध्येही ती कायम आहे. किती रक्कम ठेवायची, किती काढायची याच्या मर्यादा बँक ठरवते. आजींचा नातू अकरा वर्षांचा होता. "अज्ञान मुलांच्या खात्याचे तुमच्या बँकेचे नियम दाखवा," एवढंच मी शाखेत जाऊन म्हटलं. मूल दहाच्या आतलं असेल तर मात्र नैसर्गिक किंवा कायदेशीर पालक लागतो.

मग कोर्ट कशाला? मुलाच्या नावावरची जमीन किंवा घर विकायचं, गहाण ठेवायचं असेल तेव्हा. विम्याची किंवा अपघाताच्या भरपाईची मोठी रक्कम मुलाच्या वतीने घ्यायची असेल तेव्हा. आणि मुलावर दोन घरांनी हक्क सांगितला असेल तेव्हा. या शेवटच्या प्रसंगात उशीर करू नका. आजोळ आणि वडिलांकडची माणसं यांच्यात ओढाताण सुरू झाली की मूल दोन्हीकडे गप्प होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

महिन्याची मदत कुठून मिळते

महाराष्ट्रात यासाठीची मुख्य योजना म्हणजे बालसंगोपन. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असं आहे. मुलाला बालगृहात पाठवण्यापेक्षा कुटुंबात वाढू द्यावं आणि त्या कुटुंबाला दर महिन्याला हातभार लावावा, हा तिचा विचार. पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळत. मग १,१०० झाले आणि २०२३ पासून २,२५०. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ते मिळू शकतात. दोन्ही पालक गेलेली मुलं यात येतातच. एकच पालक उरलेली, आई-बाप गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलंही येतात. अनेकांना वाटतं, आई जिवंत आहे म्हणजे आपण बसत नाही. तसं नाही.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यायचा. तिथले किंवा योजना राबवणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते घरी येऊन पाहणी करतात आणि अहवाल बाल कल्याण समितीपुढे जातो. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मंजुरीचा आदेश ही समिती देते. नावाला घाबरू नका, हे कोर्ट नाही आणि इथे कुणी मूल हिसकावून घेत नाही. आजींना नेमकी हीच भीती होती. "समितीपुढं पोराला उभं केलं अन् ठेवून घेतलं तर?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं.

कागद लागतात ते असे: मृत्यूचे दाखले, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशन कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, पासबुक. शिवाय घरासमोर मूल आणि सांभाळणारे असा एकत्र फोटो. तो फोटो मी मोबाइलवर काढला. आजी आत जाऊन लुगडं बदलून आल्या आणि येताना भिंतीवरची मुलाची-सुनेची तसबीर काढून घेऊन आल्या. "ह्यांना घ्यायचं का फोटोत?" मी दोन फोटो काढले. एक अर्जाला, एक त्यांच्यासाठी.

दुसरी वाट केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेतल्या प्रायोजकत्वाची, म्हणजे स्पॉन्सरशिपची. त्यात महिन्याला ४,००० रुपये आहेत. नातेवाइकांकडे राहणारं अनाथ मूल असा प्रकार पात्रतेत स्पष्ट लिहिला आहे. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. हे काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष बघतो. अर्ज देताना दोन्ही योजनांची नावं घ्या, कशात बसतं ते तिथे ठरतं. तहसील कार्यालयातून चालणारी संजय गांधी निराधार अनुदान योजनाही १८ वर्षांखालच्या अनाथ मुलांसाठी खुली आहे, महिन्याला १,५०० रुपये. तिची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे. आजच्या दिवसात ती इतकी कमी आहे की प्रामाणिक दाखला काढणारा त्यात बसणं अवघड. हा आकडा बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं.

करोनात दोन्ही पालक गेले असतील, तर मुलाचं नाव पीएम केअर्सच्या मुलांसाठीच्या योजनेत आणि राज्याच्या पाच लाखांच्या ठेवीच्या यादीत आहे का, हे बाल संरक्षण कक्षातून तपासून घ्या. केंद्राचे दहा लाख त्या मुलांना वयाच्या २३ व्या वर्षी मिळतात. तोवर सांभाळणारा माणूस बदललेला असू शकतो, म्हणून कागद जपून ठेवा.

गेलेल्यांनी काय ठेवलं, ते शोधा

दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही. आजींच्या मुलाचं पासबुक मी उघडलं तर दर वर्षी मे-जूनमध्ये दोन रकमा कापलेल्या दिसल्या, ३३० आणि १२ (२०२२ पासून या रकमा ४३६ आणि २० झाल्या). पहिली प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची, दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विम्याची. दोन्हींचं संरक्षण दोन-दोन लाखांचं. जीवन ज्योती कोणत्याही मृत्यूला, सुरक्षा विमा अपघाताला. आजींच्या घरी कुणाला हे माहीतच नव्हतं. पासबुक रद्दीत टाकण्याआधी शेवटच्या दोन वर्षांची पानं वाचा.

वडील कारखान्यात, कंपनीत होते आणि पगारातून पीएफ कापला जात होता, तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत अनाथ मुलांना पेन्शन असते. एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत, महिन्याला किमान ७५० रुपये. त्यासोबत ठेव-संलग्न विम्याची, म्हणजे पीएफ खात्याला जोडलेल्या विम्याची रक्कमही असू शकते. शेतकऱ्याचा अपघातात मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे, तिची रक्कम दोन लाख. तिचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात.

जमीन असेल तर वारस नोंद तीन महिन्यांत करायची असते. सातबारावर मुलाच्या नावापुढे 'अ. पा. क.' अशी अक्षरं आणि सांभाळणाऱ्याचं नाव येतं. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ते नाव चढलं म्हणजे विकायचा अधिकार आला, असा समज गावागावांत आहे आणि तो चुकीचा आहे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय काकाने पुतण्याची जमीन विकली, तर अठरा पूर्ण झाल्यावर पुतण्या त्या व्यवहाराला आव्हान देऊ शकतो. आणखी एक, वडिलांची आई हयात असेल तर हिंदू वारसा कायद्याने तीही पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलांच्या बरोबरीची. कित्येक आज्यांना स्वतःच्या हिश्शाचीच कल्पना नसते.

आजोळी वाढणाऱ्या मुलांसाठी एक खास सूचना. जातीचा दाखला वडिलांकडच्या पुराव्यावर निघतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा विचारतात. वडिलांचे आजोबा, चुलत आजोबा यांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यात, म्हणजे शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीच्या प्रतीत, तो मिळतो. मूल बारावीला गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच, वडिलांकडच्या माणसांशी बोलणं चालू आहे तोवर, त्या उताऱ्याची प्रत आणून ठेवा. माझी चूक इथेच झाली. भाची दहावीला गेली तेव्हा मी तिच्या चुलत्यांना फोन केला, तोवर त्यांचं आमच्याकडे येणं-जाणं बंद झालं होतं. एका उताऱ्यासाठी चार महिने गेले.

'आम्ही असताना अनाथ कसा?'

अनाथ प्रमाणपत्राचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. आजींनी तर हात जोडले. "मी मेले का अजून? अनाथ कशाला म्हणायचं त्याला?" मला त्यांचं म्हणणं पूर्ण कळतं. तो शब्द सांभाळणाऱ्याच्या वर्मी लागतो, जणू पाच वर्षांचं राबणं कुणी पुसून टाकलं.

पण कागदावर त्या शब्दाचा अर्थ एवढाच की मुलाचे आई आणि वडील हयात नाहीत. राज्यात २०१८ पासून अनाथांसाठी शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. संस्थेत वाढलेली मुलं आणि संस्थेबाहेर, म्हणजे नातेवाइकांकडे वाढलेली मुलं असे दोन गट नंतर केले गेले. तुमच्या मुलाला त्यातलं काय लागू आहे ते महिला व बाल विकास कार्यालयात विचारा. प्रमाणपत्र काढलंत तर मुलाला आधी घरी बसवून समजावून सांगा. त्याने तो शब्द पहिल्यांदा रांगेत, अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकू नये.

घरातली भाषाही जपायला लागते. "आम्ही पोसलं" हे वाक्य रागाच्या भरात एकदा निघालं तरी ते मूल विसरत नाही. आई-वडिलांचा विषय टाळू नका. माझी भाची वर्षभर आईचं नाव घेत नव्हती. मी तिच्यासमोर पुरणपोळी करताना सहज म्हणाले, "तुझी आई कणीक फार सैल मळायची," तेव्हा ती पहिल्यांदा रडली, आणि मग पुष्कळ बोलली.

दत्तक घ्यावं का?

लोक हा सल्ला फार सहज देतात. माझं मत, घाई करू नका. दत्तकाने मुलाचं नाव, घराणं आणि वारसा बदलतो आणि ते माघारी घेता येत नाही. काही नात्यांत तर वाटच बंद आहे. हिंदू दत्तक कायद्यानुसार ज्याचा मुलगा किंवा मुलाचा मुलगा हयात आहे त्याला मुलगा दत्तक घेता येत नाही, म्हणून आजोबा स्वतःच्या नातवाला, मुलाच्या मुलाला, त्या कायद्याने दत्तक घेऊ शकत नाहीत. बाल न्याय कायद्यात नातेवाइकांमधल्या दत्तकाची वेगळी तरतूद आहे. काका, मामा, आत्या, मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा त्यात 'नातेवाईक' आहेत आणि सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. मूलबाळ नसलेल्या मावशीला भाचीला आपलं नाव द्यायचं असेल तर तो मार्ग चांगला. फक्त शाळा आणि बँकेसाठी दत्तकाची गरज नाही.

एकट्याने भांडू नका

करोनानंतर राज्यात एक गोष्ट चांगली झाली. सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली आणि तालुक्या-तालुक्यांत कार्यकर्त्यांनी बालसंगोपनाचे अर्ज भरून घ्यायला सुरुवात केली. एकटी आजी खिडकीवर गेली तर "उद्या या" ऐकते. वीस अर्ज एकत्र गेले की तोच कारकून यादी करून घेतो. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. अंगणवाडी ताईंना विचारा शेवटची बैठक कधी झाली आणि तुमच्या मुलाचं नाव त्या बैठकीत घ्यायला सांगा.

मागण्याही स्पष्ट हव्यात. बालसंगोपनाचे पैसे महिन्याच्या महिन्याला यावेत, सहा महिने थांबून एकदम नकोत, कारण वह्या जूनमध्येच लागतात. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते तेव्हाच मागे लहान मुलं आहेत का हे विचारून ते नाव बाल संरक्षण कक्षाला कळवलं जावं. शाळेच्या अर्जावर तो तिसरा रकाना यावा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

आजींच्या नातवाचं खातं उघडलं. अर्जावर त्याने स्वतः सही केली, पहिलं नाव मोठं आणि आडनाव जागा संपल्यामुळे खाली. बालसंगोपनाची पाहणी होऊन गेली, आदेश यायचा आहे. परवा आजी पुन्हा आल्या, तीच पिशवी घेऊन. या वेळी त्यांचा प्रश्न वेगळा होता. "मी एकाहत्तरची. माझ्यामागं ह्याचं कोण?" मृत्युपत्रातून पालक नेमायचा अधिकार आई-वडिलांना असतो, आजीला नाही. म्हणून पालकत्वाच्या अर्जात आजींसोबत त्यांच्या धाकट्या लेकीचंही नाव घालता येईल का, हे विधी सेवेच्या वकिलांना विचारायचं ठरलं आहे. लेक जालन्याहून पुढच्या सोमवारी येते आहे.